फाशी नको, हे आपण का म्हणावे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला फाशीसारखा विषय कशाला, असे दोघाचौघांनी आम्हाला आधीच विचारले. त्यांना आमचे सांगणे असे की, फाशीचा दोर काही लांब नाही. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, एक नागपूरला आणि दुसरी आपल्या येरवड्याला. येरवडा म्हटले की आपल्याला १९३२ चा पुणे करार आठवतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जानेवारी १९३१ ला, सोलापूरच्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना इंग्रजांनी तिथेच लटकवले. कुर्बान हुसेन तर गिरणी कामगारांत काम करणारा तरुण. आम्हां गिरणीवाल्यांना तो विसरून चालत नाही. पुढे इंग्रज गेला, दोर मात्र राहिला. १९८३ ला जोशी-अभ्यंकर खून खटल्यातले चौघे, १९९२ ला जनरल वैद्यांचे मारेकरी, २०१२ ला कसाब, सगळे येरवड्यातच.

तुम्ही म्हणाल, यातल्या कितीकांनी तर माणसे कापली, त्यांचा कळवळा कशाला? कळवळ्याचा प्रश्नच नाही. प्रश्न बाबासाहेबांनी काय सांगितले याचा आहे. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत चर्चा चालली होती की, फाशी झालेल्या प्रत्येकाला सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क द्यावा की नाही. बाबासाहेब उठले आणि म्हणाले ते थोडक्यात असे की, अपिलाची वाट काढत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच काढून टाकलेली बरी. या देशातले लोक आचरणात अहिंसक नसतील, पण अहिंसा हे तत्त्व म्हणून मानतात, मग ते तत्त्व पाळायचे तर हीच सरळ वाट. आपण घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचा जयजयकार करतो, पण हे बोल किती जयंत्यांना ऐकले? आम्ही तरी एकाही स्टेजवरून ऐकले नाहीत.

आता अवघड जागी येऊ. खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, दीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. भोतमांगे कुटुंबातली चार माणसे गावाने ठेचून मारली. महाराष्ट्रभर आपला समाज रस्त्यावर आला आणि ‘फाशी द्या’ ही घोषणा झाली. त्या रागाला कोणी नावे ठेवू नयेत, तो राग खरा होता. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठजणांना दोषी धरून सहाजणांना फाशी दिली. पण त्याच निकालात ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही! म्हणजे खून झाले, पण जातीमुळे झाले नाहीत म्हणे. २०१० ला हायकोर्टाने फाशीची पंचवीस वर्षे केली, जातीचा मुद्दा तिथेही उभा राहिला नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले, तोवर हेच पाहत. फाशीच्या बातमीवर आपण समाधान मानायचे आणि जात निकालातून अलगद निसटून जायची, हा सौदा कोणाच्या फायद्याचा? नीट तपास, नीट कलमे, साक्षीदाराला संरक्षण, हे सरकारकडे मागायचे सोडून आपण दोर मागत बसतो. दोर द्यायला सरकारला काही पडत नाही.

शिवाय घोषणा एकदा सुटली की ती सगळ्यांची होते. २०१६ ला कोपर्डीच्या लेकीवर भयंकर अत्याचार होऊन तिचा खून झाला, ‘फाशी द्या’ म्हणून लाखोंचे मोर्चे निघाले आणि त्याच मोर्चांत ॲट्रॉसिटी कायदा बदला, हीही मागणी होती. बघा, दोर कुठून कुठे जातो ते.

कोणी धम्माचा जाणकार विचारील, सिंह सेनापतीला भगवंतांनी काय सांगितले? जो शिक्षेला पात्र आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे. बाबासाहेबांच्या ग्रंथात ते आहे. बरोबर आहे. गुन्हेगाराला मोकळे सोडा असे आम्ही म्हणतच नाही, जन्मठेप आहे की! पण त्याच ग्रंथात अंगुलीमालही आहे. मेलेल्या अंगुलीमालाचा भिक्खू होत नाही, एवढे तर कुणालाही कळेल.

आता फासावर पोचतो कोण? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ ला अहवाल दिला. चारातले जवळजवळ तीन कैदी गरिबीतले. वकिलाला पैसे नाहीत, कोर्टाची भाषा कळत नाही.

आपल्या पुण्याचेच घ्या. १९९४ साली पौड रस्त्यावर राठी कुटुंबातल्या पाच बायका आणि दोन लेकरांचा खून झाला. सारे शहर हादरले होते. त्यात राजस्थानातून कामाला आलेला एक पोरगा पकडला गेला. कागदावर त्याचे वय विशीचे लागले आणि १९९८ ला इथल्या कोर्टाने फाशी सुनावली. हायकोर्टाने कायम केली, २००० साली सुप्रीम कोर्टानेही. नंतर गावच्या शाळेचे रजिस्टर पुढे आले. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा! पुण्याच्याच न्यायाधीशांनी चौकशी करून ते खरे ठरवले आणि मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडायला सांगितले. अठ्ठावीस वर्षे आत. तुरुंगात शिकून त्याने एम. ए. केले. मधल्या काळात त्याला लटकवले असते, तर ते रजिस्टर कोणाच्या नावाने उघडायचे होते?

नाशिकचे दुसरे प्रकरण. २००३ चा गुन्हा, सहा भटके, मजुरी करून खाणारे. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. त्यातल्या तिघांना तर हायकोर्टाने जन्मठेपेवर आणले होते, तीही वाढवून फाशी. मग मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसे ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. पाच-पाच लाख भरपाई द्यायला कोर्टाने सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख!

शेजारी भूतानने २००४ ला फाशी रद्द केली. श्रीलंकेत १९७६ नंतर एकालाही फाशी दिलेली नाही. बौद्ध म्हणवणाऱ्या सगळ्याच देशांची गोष्ट अशी नाही, जपान, थायलंड, म्यानमार फाशी देतातच, ते लपवायचे कारण नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे सोडून बाकी फाशी काढा अशी शिफारस केली. ती तशीच पडली आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत फाशीचे गुन्हे उलट वाढले.

आपल्या हातात काय आहे ते सांगतो आणि रजा घेतो. दारापाशी टेबलावर एक अर्ज ठेवला आहे. बाबासाहेबांच्या १९४९ च्या म्हणण्याचा आधार देऊन फाशी रद्द करण्याची मागणी आहे, तो राष्ट्रपतींना आणि आपल्या खासदारांना जाईल. पटले तर सही करा. पटले नसेल तर का नाही ते त्याच वहीत खाली लिहा, आम्ही घरी येऊन बोलू. आणि वस्तीतला कोणाचा पोरगा मोठ्या गुन्ह्यात आत असेल, तर आईबापांनी लाजू नये. त्याचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जे असेल ते घेऊन रविवारी वंदनेनंतर इथे यावे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, अर्ज भरायला आम्ही बसलेले असू.

जय भीम!