आजोबांची सही



ज्या गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करण्यास आपण जमलो आहोत, ते वर्गात आलेल्या मुलांपेक्षा न आलेल्या मुलाची चौकशी अधिक करीत. म्हणून आजचा विषय शाळेत न जाता आजी-आजोबांजवळ घरीच शिकणाऱ्या मुलांचा घेतला आहे. मी साहित्याचा माणूस. कायदा मला उतारवयात, गरजेपोटी वाचावा लागला.

करोनाच्या साथीत २०२० साली शाळा बंद झाल्या आणि सात वर्षांची आमची नात पुण्याहून अवधपुरीस आली, ती दोन वर्षे राहिली. पाढे आजीकडे, भाषा माझ्याकडे. शाळा उघडल्या तरी तिला पाठवू नये, असे मनात येई. अखेर एका शाळेत प्रवेशासाठी गेलो, तेव्हा तेथील लिपिकाने विचारले, “दादाजी, गार्जियन कौन है?” ‘मी आजोबा’ हे उत्तर त्यास पुरले नाही. मी रागावून परतलो.

पुस्तके उघडल्यावर राग ओसरला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक म्हणून पिता आणि माता यांची नावे आहेत; आजोबा कोठेच नाहीत. त्यांना पालकत्व हवे असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयात जावे लागते. उलट १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा, मुलाचा सांभाळ व ताबा ज्याच्याकडे असेल त्यालाही पालक म्हणतो. आणि दहाव्या कलमात सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकावर टाकतो. गंमत पाहा, अधिकार देताना एक कायदा आजोबांस ओळखत नाही, कर्तव्य सांगताना दुसरा मात्र तत्काळ ओळखतो!

हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास या अधिनियमात शिक्षा सांगितलेली नाही. त्यावरून घरच्या शाळेस मुभा आहे, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. दंड नसणे आणि अनुमती असणे यांत अंतर आहे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचे शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. गोखल्यांनी १९११ साली त्यासाठीच विधेयक मांडले, ते पुढील वर्षी फेटाळले गेले. ही सक्ती शेतात आणि घरकामात अडकलेल्या मुलांसाठी होती. शिकवणारा आजोबा तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नसावा; पण आजोबांसाठी वेगळे दार ठेवले, तर त्यातून मुलाला कामाला जुंपणाराही निसटेल.

तरीही वाट अगदीच बंद नाही. शाळेत न गेलेल्या मुलास चौथ्या कलमानुसार वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेतून चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या तोडीची परीक्षा देता येते. मात्र नातवंडे सांभाळणाऱ्यांनी जन्मदाखला आणि आईवडिलांचे लेखी संमतिपत्र आधीच जवळ ठेवावे. आम्ही ठेवले नव्हते.

नात चौथीत बसली. अर्जावर सही करण्यासाठी तिची आई पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली होती. मी फाटकापर्यंत दप्तर धरले.