रसायन तेच, जागा वेगळी

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या, त्यावर लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने साऱ्या विषयाचा धांडोळा घ्यावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज तो मी मोडतो आणि एकाच प्राण्याविषयी बोलतो. ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं हार्मोन’ हे बिरुद चिकटलं ते बरंचसं प्रेअरी व्होलच्या जिवावर, आणि आता त्यानेच ते सैल केलं आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या गवताळ माळांवर तो राहतो. दिसायला उंदरासारखा, पण शेपूट आखूड आणि कान केसांत दडलेले. सत्तरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे लोवेल गेट्झ त्यांची शिरगणती करायला सापळे लावत. तेव्हा सापळ्यात तोच नर आणि तीच मादी पुन्हापुन्हा एकत्र सापडू लागली. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती शेकडा दहासुद्धा नाहीत, म्हणून याचं अप्रूप. (एकपत्नीव्रत वगैरे म्हणायची घाई नको. पिल्लांची डीएनए तपासणी केली की काहींचा बाप शेजारचा निघतो!)

पुढे गेट्झ आणि स्यू कार्टर यांनी हा प्राणी प्रयोगशाळेत आणला. तिथली चाचणी साधी आहे. तीन कप्पे. एकात जोडीदार बांधून ठेवलेला, दुसऱ्यात परका, मधला मोकळा. ज्याची परीक्षा आहे तो तीन तास हवा तिथे फिरतो. कुणाच्या अंगाला अंग लावून तो किती वेळ बसला, एवढंच मोजायचं. प्रेअरी व्होल बहुधा जोडीदारापाशी जाऊन बसतो. डोंगराळ भागातला त्याचा चुलत भाऊ, माँटेन व्होल, मात्र एकटाच बसणं पसंत करतो.

मग एकात ऑक्सिटोसिन आहे आणि दुसऱ्यात नाही, असं आहे का? नाही. ते दोघांतही आहे. 1992मध्ये टॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शपिरो यांनी मेंदूचे अतिपातळ काप घेतले, ऑक्सिटोसिनचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी रेणू त्यांवर सोडला आणि ते काप फिल्मवर दाबून ठेवले. रिसेप्टर जिथे दाट, तिथे फिल्म काळी पडते. प्रेअरी व्होलच्या मेंदूत, सुखाची गोडी लावणाऱ्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागात, काळे ठसे उमटले. माँटेन व्होलच्या तिथे जवळपास काहीच नाही. फरक निरोपात नव्हता, तो घेणारा कुठे बसला आहे यात होता.

आपल्याकडे गोठ्यात पान्हा सुटावा म्हणून म्हशीला चोरून टोचतात ते हेच रसायन. प्रसूतिकक्षात कळा वाढवायला सलाइनमधून सोडतात तेही हेच. कासेतल्या रिसेप्टरवर ते दूध उतरवतं, गर्भाशयातल्या रिसेप्टरवर कळा आणतं. म्हैस काही गवळ्याच्या प्रेमात पडत नाही.

व्होलच्या नरांमध्ये मात्र जोडी जमवण्यात मोठी भूमिका व्हॅसोप्रेसिनची. ऑक्सिटोसिनसारखीच नऊ अमिनो आम्लांची साखळी, फरक फक्त दोन आम्लांचा. 2004मध्ये मिरांडा लिम, लॅरी यंग आणि सहकाऱ्यांनी मेडो व्होल या स्वैर जातीच्या नरांच्या मेंदूत, व्हेंट्रल पॅलिडम या भागात, विषाणूच्या पाठीवरून व्हॅसोप्रेसिन रिसेप्टरचं जनुक पोहोचवलं. ते नर जोडीदाराला बिलगू लागले. इतका देखणा प्रयोग हाती आल्यावर वर्तमानपत्रांना आवर कोण घालणार?

आणि मग जानेवारी 2023. देवानंद मनोली, निराव शाह आणि सहकाऱ्यांनी क्रिस्पर हे जनुक-संपादनाचं तंत्र वापरून असे प्रेअरी व्होल जन्माला घातले की त्यांच्यात ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नव्हता. तरी त्यांनी जोड्या जमवल्या. पिल्लं सांभाळली. माद्या व्यायल्या, काहींनी पिल्लं दूध तुटेपर्यंत वाढवलीही, फक्त ती वजनाने कमी भरली.

म्हणून आधीचं सारं खोटं ठरलं, असं माझं मत नाही. आधीच्या बऱ्याच प्रयोगांत वाढ झालेल्या प्राण्याचा रिसेप्टर औषधाने अडवला होता. इथे तो गर्भापासूनच नव्हता. घडत्या मेंदूने दुसरी वाट काढली असेल, व्हॅसोप्रेसिनने काही भार उचलला असेल. या शक्यता आता एकेक तपासाव्या लागतील. आपल्या वर्गात आणि लेखांत मात्र 1992 आणि 2023 हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी आले पाहिजेत. आज अनेक ठिकाणी फक्त पहिलाच शिकवला जातो.