चेहऱ्यावरचा उजेड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. पण चिटणीसबाईंनी 'तुमच्या त्या फोटोंच्या खटाटोपाबद्दल चार शब्द सांगाच' असा आग्रह धरला. त्यांना नाही म्हणवेना, म्हणून उभी राहिले आहे.

या खटाटोपाची सुरुवात एका हार घातलेल्या फोटोपासून झाली. बारा वर्षांपूर्वी माझी आई गेली. तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात निघाला नाही. शेवटी लग्नातल्या एका घोळक्याच्या फोटोतून तिचा चेहरा काढून एका स्टुडिओत मोठा करून घेतला. आईच्या गालांवर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण होते, हनुवटीवर गोंदण होते. फोटो आला तो गाल लोण्यासारखे गुळगुळीत करून, आणि गोंदणही पुसून! करणाऱ्याने बिचाऱ्याने हौसेनेच केले. पण त्या फोटोला नमस्कार करताना मला आजही कुणा परक्या बाईपुढे हात जोडल्यासारखे वाटते.

सासूबाईंच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही, असे मी ठरविले. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. एका संध्याकाळी त्यांना भिंतीशी बसविले आणि मोबाईलचा फ्लॅश मारला. चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा सपाट आला, मागे काळी सावली. सासूबाई म्हणाल्या, "ही कोण ग?"

पुढे वाचनालयातल्या एका पुस्तकात मला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई भेटली. जन्म १८१५ साली कलकत्त्याचा. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा ती इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर राहत होती. तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ! त्या काळी काचेवर ओले रसायन लावून फोटो घेत. तिच्यासमोरच्या माणसाला कधी कधी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. तिचे फोटो अस्पष्ट आहेत, डागाळलेले आहेत, अशी टीका झाली. तिने पर्वा केली नाही. १८६७ साली तिने वृद्ध शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो घेतला. मागे गडद काळोख, उजेड फक्त चेहऱ्यावर व पिंजारलेल्या पांढऱ्या केसांवर. प्रत्येक सुरकुती दिसते, आणि तरी तो चेहरा केवढा तेजस्वी वाटतो!

ते पाहून मी दुसरा प्रयोग केला. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पूर्वेच्या खिडकीशी सासूबाईंना आडवे बसविले. भगिनींनो, शेणाने सारवलेल्या अंगणात सकाळचे तिरपे ऊन पडले की बोटांचे वळ कसे उठून दिसतात आणि भर दुपारी ते कसे नाहीसे होतात, हे आपण लहानपणी पाहिले आहे. चेहऱ्याचेही तसेच. बाजूने येणारा उजेड प्रत्येक उंचवट्याला सावली देतो. समोरचा उजेड त्या सावल्या खाऊन टाकतो. इरकली लुगड्याचा पोतदेखील धाग्याधाग्याने दिसू लागला. मी खुशीत फोटो दाखविला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी एवढी थकले का ग?"

त्या प्रश्नाने मी ओशाळले. व्रण पुसणारा चुकला होता, तशी सुरकुत्या कोरून काढणारी मीही चुकले होते. खोटे नको, पण निर्दयही नको.

मग महिनाभर नाना उद्योग केले. स्टीलच्या ताटाने उजेड परतवून पाहिला, तर गालावर झगझगीत ठिपका पडला. अखेर जमले ते असे. उत्तरेची खिडकी, जिथे थेट ऊन येत नाही. तिच्यावर मामंजींचे जुने विरलेले धोतर पडद्यासारखे लावले, म्हणजे उजेड गाळून, पसरून येतो. सासूबाईंना खिडकीपासून हातभर अंतरावर बसविले. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली. तिच्यावरून परतलेला उजेड काळ्या सावल्या मवाळ करतो. मागे माजघराचे उघडे, अंधारे दार. मोबाईलमधली त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद, फ्लॅशही बंद. चादर जवळ नेली की सुरकुत्या निवळतात, लांब नेली की गडद होतात. किती जवळ, हे ज्याच्या त्याच्या चेहऱ्याने ठरवावे. डोळ्यांत खिडकीचा इवलासा उजेड चमकला, की फोटो घ्यावा.

तो फोटो पाहून सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. म्हणाल्या, "अग, ही तर माझी आई!" त्यांच्या आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

भगिनींनो, आपल्या आळीत सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणी आहेत. दर शनिवारी सकाळी माझी खिडकी आणि ते धोतर त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. त्यांना घेऊन या. आधी त्यांची इच्छा मात्र विचारा, आणि फोटो पहिल्यांदा त्यांनाच दाखवा. त्यांनी 'हीच मी' म्हटले तरच तो ठेवायचा.