‘गाडी तू चालव’: माफिया २, एल. ए. न्वार आणि न वापरलेली शहरं

आजचा भाग एका भांडणातून आलाय. दिवाळीत घरी गेलो होतो, तेव्हा धाकट्या भावाला माफिया २ लावून दिला. म्हटलं, बघ, आमच्या वेळी काय खेळायचो ते. दोन-तीन तासांनी त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, "दादा, शहर एवढं मोठं आहे, पण यात करायचं काय?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. २०१० सालचा गेम. एम्पायर बे हे काल्पनिक अमेरिकन शहर. त्यात पूल, बोगदा, बंदर, चायनाटाउन सगळं आहे. आणि करायला काय? चोरलेली गाडी भंगारात नाहीतर बंदरावर विकायची, कपडे घ्यायचे, सँडविच खायचं, पेट्रोल भरायचं. झालं. बाकी सकाळी उठायचं, फोन वाजतो, गाडी काढायची, काम करायचं, परत घरी येऊन झोपायचं. एक चॅप्टर संपला.

पण हे रोजचं जाणं-येणं टाळता येत नाही ना, तिथेच गंमत आहे. नायक व्हिटो १९४५ साली युद्धावरून परततो तेव्हा शहरात बर्फ पडलेला असतो. रस्त्यावर गाडी घसरते. वेग वाढवला की पोलीस मागे लागतात, म्हणून तुम्ही गपगुमान हळू चालवता आणि नकळत वळणं पाठ होतात. मग व्हिटो तुरुंगात जातो. सुटतो तेव्हा १९५१ साल असतं. बर्फ नाही, गाड्या बदलल्यात, रेडिओवर वेगळीच गाणी. (त्यातली काही १९५१ नंतरची आहेत, पण ते सोडून देऊ.) रस्ते तेच, आणि ते आपल्याला पाठ आहेत. माणसाची सहा वर्षं गेली हे कोणी बोलून दाखवायची गरजच पडत नाही. त्या शहरात शंभर साइड मिशन टाकली असती तर मला वाटतं हे हरवलं असतं.

याच्या उलट एल. ए. न्वार, २०११ सालचा. हे शहर तर खरं: १९४७ सालचं लॉस एंजेलिस, जुने हवाई फोटो वगैरे बघून उभं केलेलं. टीम बाँडी या सिडनीच्या स्टुडिओची त्यात कितीतरी वर्षं गेली. आणि गेममध्ये सोय काय, तर गाडीपाशी गेल्यावर बटण दाबून धरलं की जोडीदार गाडी चालवतो आणि आपण थेट पुढच्या पत्त्यावर. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा अर्ध्याहून जास्त गेम असाच खेळलो. पुराव्यांचा, चौकशीचा नाद लागला होता, मधलं शहर नकोच वाटायचं. स्वतः चालवलं की उलट नुकसान, कारण कुठे धडकलात की केस संपल्यावर नुकसानीचा हिशोब तुमच्या नावावर. म्हणजे गेमच सांगतो, बाबा रे, शहराच्या नादी लागू नकोस. रस्त्यावरचे ४० छोटे गुन्हे आहेत म्हणा, पण मूळ गोष्टीला त्यांचा काही उपयोग नाही.

मग काही वर्षांनी त्या स्टुडिओबद्दलच्या बातम्या वाचनात आल्या. लोकांनी रात्र-रात्र काम केलेलं, आणि शंभराहून जास्त जणांची नावं क्रेडिट्समध्ये आलीच नाहीत. गेम आला त्याच वर्षी स्टुडिओ बंद पडला. ते वाचल्यावर मला त्या बटणाची लाज वाटायला लागली. कोणीतरी एकेक दुकानाची पाटी बसवली असेल, आणि मी ती बघितलीसुद्धा नाही.

पण खरं सांगू? चूक माझी एकट्याची नाही. कारण त्याच गेममध्ये एक केस आहे, होमिसाइड विभागातली शेवटची. खुनी कवितेतून कोडी पाठवतो आणि प्रत्येक कोड्याचं उत्तर म्हणजे शहरातली एक जागा: लायब्ररी, डांबराची तळी, ‘इंटॉलरन्स’ या मूक चित्रपटाचा तो प्रचंड पडका सेट. (खरा सेट १९४७ च्या कितीतरी आधी पाडला होता, पण माफ.) त्या एका केसमध्ये मी नकाशा नीट बघितला. डोकं वर करून इमारती बघितल्या. करायच्या गोष्टी तिथेही वाढल्या नव्हत्या. फक्त गोष्टीलाच शहराची गरज पडली होती. एकवीस केसेसपैकी आणखी चार-पाच तरी अशा हव्या होत्या!

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू मला कंटाळा यावा म्हणून गाडी चालवायला लावतोयस." म्हटलं, शेवटपर्यंत जा, मग बोलू.

आता ज्यांनी माफिया २ संपवला नाही त्यांनी इथे थांबा.

शेवटी व्हिटो एका गाडीत बसतो, त्याचा जिवलग मित्र जो मागच्या गाडीत. आख्खा गेम गाडी आपण चालवली, इथे आपल्या हातात काहीच नाही. मागची गाडी अचानक दुसऱ्या रस्त्याला वळते.

परवा रात्री साडेअकराला भावाचा मेसेज आला. "दादा, ते लोक जोला कुठे घेऊन चाललेत?"