शरीराचें भान

आपण आतां जेथें बसलां असाल तेथेंच क्षणभर डोळे मिटा आणि उजव्या हाताची तर्जनी अलगद नाकाच्या शेंड्यावर नेऊन ठेवा. बहुतेकांचें बोट बिनचूक पोंचलें असेल. डोळे तर मिटलेले होते. त्वचेला कांहीं कळलें असेल तें बोट टेकल्यानंतर. मग वाटेंत त्याला मार्ग कोणीं दाखविला? शाळेंत शिकविलेल्या पंच ज्ञानेंद्रियांपैकीं एकालाहि याचें श्रेय देतां येत नाहीं.

हें काम करणारें साधन आपल्या स्नायूंत, कंडरांत आणि सांध्यांत पसरलेलें आहे. स्नायु किती ताणला गेला, सांधा किती वांकला, याची वार्ता तेथील सूक्ष्म ज्ञानतंतु अहोरात्र मेंदूकडे धाडीत असतात. कानाच्या आंतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकें कोणीकडे वळलें तें सांगतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं या अंतःसंवेदनेला स्वतंत्र नांव दिलें. त्यालाच पुढें १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपण तिला स्थितिसंवेदना म्हणूं. घरांत सर्वांचें करणाऱ्या आणि कधीं तक्रार न करणाऱ्या वडीलधाऱ्या बाईसारखी तिची अवस्था आहे. ती अंथरुणाला खिळली म्हणजे मग घर जागें होतें!

ही संवेदना समूळ गेली तर काय होतें? १९७१ सालीं एका एकोणीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला आजार झाला आणि त्यांत त्याची मानेखालची स्पर्शाची व स्थितीची संवेदना नाहींशी झाली. स्नायूंत बळ होतें, हातपाय हलत होते. पण ते कोठें आहेत हें त्याला कळत नव्हतें. अंथरुणावर उठून बसणेंहि साधेना. पुढें पुष्कळ महिन्यांच्या कष्टानें तो पुन्हां चालूं लागला, पण तो केवळ डोळ्यांच्या आधारानें. पाऊल पाहावयाचें, हालचाल मनांत ठरवावयाची, मग ती करावयाची. दिवे गेले कीं तो कोसळे. डॉ. जोनाथन कोल यांनीं १९९१ सालीं त्याची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली आहे.

असा आघात क्वचितच कोणावर होतो. परंतु वय वाढतें तसतशी ही संवेदना थोडीथोडी बोथट होत जाते, आणि डोळे तिची उणीव भरून काढीत असल्यामुळें तें वर्षानुवर्षें ध्यानांत येत नाहीं. ध्यानांत येतें तें रात्रीं. आजोबा दिवा न लावतां न्हाणीघराकडे निघतात, उंबऱ्यापाशीं तोल जातो आणि खुब्याचें हाड मोडतें. घरचीं माणसें म्हणतात, फरशी ओली होती. पुष्कळदां ती कोरडी ठणठणीत असते! अशा पडण्यांतून उठलेलीं कितीतरी माणसें पुन्हां पूर्वींसारखीं हिंडूंफिरूं शकत नाहींत. सुदैवानें यावर उपाय नाहीं असें नाहीं. वृद्धांवर केलेल्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत नियमित व्यायामानें, विशेषतः तोल सांभाळण्याच्या व्यायामानें, पडण्याचें प्रमाण सुमारें पाव हिश्शानें घटल्याचें आढळलें.

मात्र व्यायाम म्हटला कीं आपल्याकडे आंकड्यांची भाषा सुरू होते. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला त्याचें ऋण महाराष्ट्रावर मोठें आहे. त्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले आणि १९३८ सालीं परदेशच्या वाचकांसाठीं इंग्रजींत पुस्तकहि काढलें. त्यांच्या पद्धतींत प्रत्येक स्थितीला, श्वासाला आणि मंत्रोच्चाराला आपापलें स्थान होतें. पुढें घरोघर शिल्लक राहिली ती बव्हंशीं संख्या. कोणी पन्नास घालतो, कोणी शंभर. आणि शंभरावा नमस्कार चालू असतां डोक्यांत कचेरींतले कागद फिरत असतात. स्नायूंना याचा लाभ होतो, त्याबद्दल वाद नाहीं. शरीराचें भान मात्र अशा घाईनें वाढत नाहीं.

आतां, लक्ष दिलें कीं काम भागलें असेंहि नाहीं. आपली संवेदना आपल्याला फसवूं शकते. फ्रेडरिक अलेक्झांडर हा १८६९ सालीं टास्मानियांत जन्मलेला नट. रंगमंचावर पठण करतांना याचा आवाज बसे. डॉक्टरांच्या उपचारानें कायमचा गुण येईना, तेव्हां त्यानें आरशापुढें उभें राहून स्वतःला न्याहाळलें. बोलूं लागतांच आपण डोकें मागें खेंचतों आणि स्वरयंत्र खालीं दाबतों असें त्याला दिसलें. मग डोकें पुढें ठेवण्याचा त्यानें निश्चय केला, आणि तें पुढें ठेवल्याची त्याची खात्रीहि पटली. पण बाजूला आणखी आरसे लावून पाहतो तों डोकें मागेंच! १९३२ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें हें सविस्तर सांगितलें आहे. वर्षानुवर्षांची वांकडी ठेवण हीच मनाला सरळ वाटूं लागते, हा त्याचा शोध मला फार मोलाचा वाटतो. आपण मुलांना दिवसांतून दहादां "ताठ बस" म्हणून दटावतों. मूल छाती पुढें काढतें, कंबर आंत ओढतें, श्वास कोंडतें आणि दोन मिनिटांनीं पुन्हां पुस्तकावर ओणवें होतें. त्या हुकमानें कोणाची पाठ सरळ झाल्याचें माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

तेव्हां हालचाल सावकाश हवी, आणि आपल्याला जें वाटतें त्याची बाहेरून पडताळणीहि हवी. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें आणि आसनें व क्रिया करणाऱ्यांच्या शरीरांत काय घडतें तें क्ष-किरणांनीं व यंत्रांनीं तपासलें, तें अशाच पडताळणीचें काम होय. अलीकडे अमेरिकेंतहि या दिशेनें प्रयत्न झाले. जॉन काबट-झिन यांनीं १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयांत जुनाट वेदनांच्या रोग्यांसाठीं अभ्यासक्रम सुरू केला. रोग्यानें उताणें पडावें, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे शांतपणें लक्ष न्यावें, जें जाणवेल तें बदलण्याची घाई करूं नये. जोडीला हलकीं योगासनें. याचें मूळ बौद्ध ध्यानपरंपरेंत आणि हठयोगांत आहे. आपली वस्तु परदेशीं जाऊन वेष्टन बदलून आली कीं तिला आपल्या दिवाणखान्यांत जागा मिळते, मिळो बापडी! तिच्या नांवावर सर्व रोग बरे करण्याचीं जीं आश्वासनें दिलीं जातात तीं मात्र दाराबाहेरच ठेवावीं. छातींत कळ आली तर तिच्याकडे साक्षीभावानें पाहत बसावयाचें नसतें, डॉक्टरांस बोलवावयाचें असतें.

प्रत्यक्षांत काय करावें? उद्यां सकाळीं बारा नमस्कारांऐवजीं दोनच घाला, पण एकेकाला पुरा दीड मिनिट द्या. तळवे जमिनीवर टेकले कीं पाहा, भार कोणत्या हातावर अधिक आहे? श्वास कोठें अडला? दांत आवळले गेले आहेत काय? ज्या गुडघ्याला सरळ समजत होतां तो खरोखर सरळ आहे काय, तें आठवड्यांतून एकदां घरांतल्या कोणाला तरी पाहावयास सांगा. तें माणूस आरशाहून अधिक स्पष्ट बोलेल. दिवसांतून दोनदां, दांत घासतांना म्हणा, भिंतीशेजारीं एका पायावर उभें राहावें, प्रथम उघड्या डोळ्यांनीं. तें स्थिर झाल्यावर एक हात भिंतीला लावून डोळे मिटावे. घोटा कसा क्षणोक्षणीं सांवरून घेतो तें तेव्हां समजेल. साठी उलटलेल्यांनीं आणि चक्कर येण्याची खोड असलेल्यांनीं जवळ कोणी असल्याशिवाय डोळे मिटण्याचा प्रयोग करूं नये. आणि रात्रीं उठतांना दिवा लावावाच.