वैद्यकातील काही शब्द व त्यांचे अर्थ



आरोग्य केंद्रातून मिळालेला कागद घेऊन खेड्यातील पालक पुष्कळदा प्रथम शाळेत येतो. कागदावरील अक्षरे ओळखीची असतात. अर्थ मात्र निराळे. थुंकीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, म्हणजे त्या नमुन्यात क्षयाचे जंतू आढळले नाहीत, एवढेच. रोग नाहीच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘लागण’ आणि ‘रोग’ हेही एक नव्हेत. जंतूंची लागण झालेली बहुसंख्य माणसे आयुष्यभर निरोगी राहतात. हा भेद न कळल्यामुळे एखादे निरपराध मूल वर्गात एकटे बसविले जाते.

सर्वांत अधिक भय ‘औषधाची चाचणी’ या शब्दाचे. माणसांवर प्रयोग चालला, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोगावरील औषधोपचारांच्या संशोधनासाठी केंद्र सुरू झाले. रुग्णाला आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, की घरी औषध देऊन भागेल, हा तेथील प्रश्न होता. खाटा थोड्या व रुग्ण अगणित असलेल्या देशात तो जिवाचा प्रश्न होय. रुग्णांचे दोन गट केले. परंतु निवड वैद्यांच्या मर्जीवर सोडली नाही. वैद्यांनी अधिक आजारी रुग्ण आरोग्यधामात धाडले असते, तर घरचा उपचार उगाच सरस भासला असता. म्हणून चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे दैवयोगाने विभागणी केली. हीच ‘यादृच्छिक विभागणी’. ज्याच्याशी ताडून पाहावयाचे, तो ‘तुलना-गट’. तुलना-गट म्हणजे वाऱ्यावर सोडलेले रुग्ण नव्हेत; मद्रासला दोन्ही गटांना वर्षभर तीच औषधे मिळाली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाटीवाटीच्या घरांत, बेताच्या अन्नावर राहूनही घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच सुधारले, आणि त्यांच्या कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण वाढले नाही. पुढे देशोदेशी क्षयाचा उपचार घरी होऊ लागला, त्यात या चाचणीचा वाटा मोठा आहे.

राहिला शब्द ‘संमती’. संशोधनात भाग घेण्यास नकार देता येतो, दिलेली संमती मागेही घेता येते. त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावयाचा असतो. गुरुजींनी कागद सावकाश वाचून दाखवावा. अंगठ्याची घाई करू नये. पालकाला कागद घरी न्यावयाचा असेल, तर नेऊ द्यावा.