पॅकेजची चक्की

महालातल्या आमच्या गटांचा हिशेब आम्ही ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरवर मांडतो. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते तयार केलं. त्याची १.० आवृत्ती २००० साली आली.

यंदा बँकेत कर्जाचा अर्ज द्यायचा होता. नेमकी तेव्हाच आम्ही ‘आर’ची ४.५ आवृत्ती घेतली आणि हप्त्यांचा तक्ता करणारं पॅकेज चढेना.

बायांनो, पॅकेज म्हणजे कधी तयार पीठ, कधी अख्खं धान्य. तयार असेल तर काही लागत नाही. धान्य असेल तर चक्की हवी. विंडोजवर ती चक्की म्हणजे ‘आरटूल्स’. ४.४ ला आरटूल्स ४४ लागतं, ४.५ ला ४५. आमच्याकडे जुनंच होतं!

‘क्रॅन’ या अधिकृत संकेतस्थळावरून नवं फुकट उतरवलं, ‘आर’ बंद करून पुन्हा उघडलं. पॅकेज चढलं, तक्ता निघाला. त्यात एकीचे दोन हप्ते जास्त, दुसरीचे दोन कमी. पावत्या काढल्या तर चूक आमच्याच नोंदीत. जिला आम्ही थकबाकीदार म्हणत होतो, तिनं सगळे पैसे भरले होते. भरल्या बैठकीत आम्ही तिची माफी मागितली.

म्हणून सांगतो, आधी हिशेबाची प्रत वेगळी ठेवा, दोन्हींचे आकडे जुळवा आणि ऐन कामाच्या तोंडावर आवृत्ती बदलू नका. जात्याला टाकी दळणाच्या आधी लावतात, दळताना नाही.